मुलांची ट्रॉली

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर नाशिक ओलांडून मनमाडकडे निघालेल्या प्रवाशाला लासलगाव दिसण्यापूर्वीच त्याचा गंध येतो. हंगामात तर खिडकीच्या काचा बंद असल्या तरी डब्यातल्या माणसांना आपण कोठे आलो हे सांगावे लागत नाही. निफाड तालुक्यातील या छोट्याशा गावाची कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून कांद्याचा भाव म्हणजे लासलगावचा भाव असे समीकरण देशभर रूढ झाले. दिल्लीतील गृहिणी ज्या दराने कांदा घेते, त्याची पहिली बोली बहुधा येथील आवारात, ट्रॅक्टरांच्या रांगेपुढे उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांच्या घोळक्यात लागलेली असते.

या बाजारपेठेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वृत्तपत्रांत किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे रोज छापून येतात. मात्र त्या आकड्यांच्या मागे जी घरे आहेत, त्या घरांत जी लहान मुले वाढत आहेत, त्यांचे वर्ष कसे जाते हे त्या रकान्यात मावत नाही. येथून विंचूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मळ्यातील घर आपण पाहू. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नात २०१४ ची, नातू २०१९ चा. जमीन साडेतीन एकर, सात-बारा आजीच्या नावावर. विहीर आहे, आणि पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की तिला पाणीही उतरते. अशी घरे या पंचक्रोशीत शेकड्यांनी सापडतील. हे घर काही वेगळे नाही. एक प्रथा मात्र त्या घराची स्वतःची आहे. तिच्याकडे वळण्याआधी मळ्यातील दिनक्रम समजून घ्यावा लागेल.

शहरातील घरात दिवस घड्याळाने सुरू होतो, मळ्यातील घरात तो विजेने सुरू होतो. शेतीपंपाची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीची असते. त्या दिवसांत घराचा कर्ता पुरुष मध्यरात्री विजेरी घेऊन बांधावर जातो आणि मुले उठतात तेव्हा तो झोपलेला असतो. गोदाकाठच्या या तालुक्यात उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे, म्हणून रात्री पाणी भरायला जाणाऱ्याच्या घरी दिवा विझत नाही. धाकट्याला बिबट्याच्या गोष्टी फार आवडतात. आजी त्या सांगते, सूनबाई ऐकता ऐकता दाराकडे पाहत राहते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी महाराष्ट्राच्या बातम्यांत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याचे वाचून पुण्या-मुंबईची माणसे कौतुक करतात. मळ्यातील आईला त्याच पहाटे पाणी तापवून दोन मुलांना शाळेसाठी तयार करायचे असते, आणि त्याच पंधरवड्यात उन्हाळ कांद्याची लागवडही असते. रोप उपटून ठेवलेले, मजूर बांधावर येऊन उभे आणि शाळेची गाडी रस्त्यावर भोंगा वाजवीत आहे, असा प्रसंग त्या दिवसांत रोजचाच. डबा विसरला तर तो पोहोचवायला माणूस नसतो. त्यामुळे नात सहा वर्षांची असल्यापासून स्वतःचा डबा स्वतः भरते, आणि एखादे दिवशी भावाचाही.

मुलांच्या जिवाला मळ्यात धोकेही कमी नाहीत. उघडी विहीर, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले निसरडे शेततळे, औषध फवारणीचे डबे. या घरी शेततळे नाही. शेजाऱ्याचे आहे, आणि त्याला कुंपण घातले गेले ते आजीने चार वेळा जाऊन सांगितल्यानंतर. फवारणीची औषधे पूर्वी पडवीतल्या कोनाड्यात असत. आता ती कुलूपबंद पेटीत असतात आणि किल्ली सूनबाईच्या कमरेला असते. शेततळ्यासाठी अनुदान मिळते, कर्ज मिळते. त्याबरोबरच प्रत्येक तळ्याला कुंपणही झाले तर किती बरे, असे कोणाही विचारी माणसाला वाटेल.

कांद्याची पिके तीन. पावसाळ्यात लावलेला पोळ म्हणजे लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा, आणि हिवाळ्यात लावून चैत्र-वैशाखात काढायचा उन्हाळ. पहिले दोन टिकत नाहीत, काढले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा मात्र चाळीत साठवता येतो. जमिनीपासून उंचावर, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशा जाळीच्या भिंतींची लांबट कांदाचाळ हीच येथील शेतकऱ्याची तिजोरी. फरक एवढाच की या तिजोरीतील ठेव दर महिन्याला घटते. वजन उतरते, कोंब येतात, खालच्या थरात सड लागते. चार-पाच महिन्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माल हातचा जाणे येथे नवलाचे नाही. कोंब फुटू नयेत म्हणून विकिरण करणारे केंद्र भाभा अणु संशोधन केंद्राने लासलगावलाच २००२ मध्ये उभारले, परंतु सर्वसाधारण मळ्यातील कांदा आजही चाळीच्या वाऱ्यावरच टिकतो.

आता येथे मुलांचा संबंध येतो. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. वह्या, पुस्तके, गणवेश, गाडीचे भाडे, फी, सर्व एकदम. आणि त्याच वेळी खरिपाचे बियाणे, खते, नांगरट, तीही एकदम. त्या दिवशी घरात रोकड नसते. असतो तो चाळीत भरलेला कांदा, आणि त्याला काढणीच्या गर्दीमुळे भाव बेताचा. थांबावे तर पुढे भाव वाढण्याची आशा. थांबावे तर सड. मुलांचे वर्ष आणि पिकाचे वर्ष यांची गाठ पडत नाही ती अशी. पगारदार माणसाच्या घरी मुलाची फी हा महिन्याच्या अंदाजपत्रकातील एक आकडा असतो. शेतकऱ्याच्या घरी तो चाळ आज फोडायची की दोन महिन्यांनी, या निर्णयाचाच भाग होतो.

सूनबाई या घरी आल्या तेव्हा त्यांनी हा तिढा बँकेच्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न केला. मुलगी झाल्यावर त्यांनी एका शाखेत आवर्ती ठेव उघडली. दरमहा पाचशे रुपये. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती योजना सद्भावनेनेच सुचवली होती. पहिले चार हप्ते गेले, पुढचे दोन चुकले, मग तीन एकदम भरले, पुन्हा चुकले. वर्ष संपायच्या आत ठेव मोडावी लागली. यात कोणाचा दोष? बचतीची सवय नव्हती असे म्हणावे तर आजीच्या ट्रंकेत पन्नास वर्षांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या आहेत. वर्षातून तीनदा पैसा येणाऱ्या घराला दरमहाचा हप्ता मानवत नाही, इतकेच ते होते. आणि ग्रामीण शाखेत काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यांनी हे जितक्या लवकर ओळखावे तितके बरे.

मार्ग सापडला तो आजीकडून. तिच्या तरुणपणी कांदा बैलगाडीतून पोत्यांत भरून जाई. दर गाडीतील एक पोते ‘लेकरांचे’ अशी तिची रीत. त्या पोत्याचे पैसे सासऱ्यांनीही मागायचे नाहीत. त्यातून पाट्या-पेन्सिली आल्या, एकदा गोवराच्या तापात औषध आले, मुलाची दहावीची परीक्षा फी भरली गेली. पोत्यांचा जमाना गेला, सुटा कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाऊ लागला, आणि ती रीत आपोआप मागे पडली. सूनबाईंची आवर्ती ठेव मोडली त्या संध्याकाळी आजी म्हणाली, “महिन्याला कशाला मोजतेस? कांदा महिन्याला येतो का? पोतं नाही तर ट्रॉली धर.”

त्याप्रमाणे २०१७ पासून या घरात दर वर्षी एक ट्रॉली मुलांची असते. कोणती, हे आधी ठरते: लाल कांद्याच्या हंगामातील संक्रांतीनंतरची पहिली. भाव चढा असो वा पडता, खर्च कितीही डोक्यावर असो, त्या ट्रॉलीची पट्टी सूनबाईंच्या हाती यायची. त्याच वर्षी नातीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडले गेले. या खात्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले की ते चालू राहते, वरची मर्यादा दीड लाखाची, आणि मधली रक्कम केव्हा व किती वेळा भरायची हे घराने ठरवायचे. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते, भरणा पंधरा वर्षे करायचा असतो, आणि ती अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. एखाद्या वर्षी किमान भरणा चुकला तर पन्नास रुपये दंड भरून खाते पुन्हा चालू होते. पुढे नातवासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडले. तेथे वर्षाचा किमान भरणा ५०० रुपये. हप्त्याचा जाच दोन्हीकडे नाही. कांद्याच्या घराला ही खाती मानवली.

पहिली काही वर्षे बरी गेली. कसोटी लागली २०२३ मध्ये.

त्या फेब्रुवारीत लाल कांद्याची आवक वाढली आणि भाव कोसळले. महिनाअखेरीस लासलगावी क्विंटलमागे किमान दर दोनशे रुपयांवर आणि सरासरी चारशे-साडेचारशेवर आली. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, विधिमंडळात प्रश्न गाजला. संक्रांतीनंतरची पहिली ट्रॉली या घराने आशेने थांबवून धरली होती, ती आता थांबण्यासारखी राहिली नाही. पहाटे ट्रॅक्टर रांगेत लागला. लिलावाला एका ट्रॉलीपुढे फार वेळ लागत नाही. व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, कोणी वरचे चार कांदे उचलून दाबून पाहतो, बोली उंचावते, थांबते, चिठ्ठी हातात पडते. चार महिन्यांच्या कष्टांचा निकाल चहा पिऊन होण्याच्या आत लागलेला असतो. मग भुईकाट्यावर वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणे आणि हिशेबपट्टी. २४ क्विंटल, दर ४१० रुपये.

संध्याकाळी ती पट्टी ओट्यावर ठेवली गेली. तेव्हा तिसरीत असलेल्या नातीला गुणाकार नुकताच आला होता आणि दिसेल त्या आकड्याला ती गुणीत सुटली होती. तिने पाटीवर मांडून उत्तर काढले: ९,८४०. “पप्पा, हे जास्त आहेत की कमी?” तिने विचारले. वडिलांनी पाटी पाहिली आणि “गणित बरोबर आहे” एवढेच म्हणाले.

प्रश्न होता तो काढणीच्या मजुरीचा. येथे लागवडीला आणि काढणीला सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. जोडपी येतात, तान्ही मुले बरोबर असतात. बांधावरील लिंबाच्या फांदीला झोळी बांधलेली, तिला हलवायला पाच वर्षांची बहीण बसवलेली, हे दृश्य या भागात इतके नित्याचे आहे की ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मळेवाल्यांची मुले शाळेच्या गाडीतून जाताना त्या बहिणीकडे पाहतात. या घरी आजी त्या लेकरांना दुपारी पडवीत बोलावून घेते, नातवाबरोबर भाकरी-दूध देते. परंतु पडवीतली दुपार म्हणजे शाळा नव्हे, आणि टोळी पुढच्या मळ्यावर गेली की तेही संपते. त्या वर्षी टोळीची मजुरी देणे बाकी होते आणि शनिवारी टोळी गावी परतणार होती. हमाली-तोलाई जाऊन हातात नऊ हजारांच्या थोडे वर उरले होते. दुसरी ट्रॉली भरायची तर लिलाव कधी सुरळीत होतील हे सांगता येत नव्हते.

कर्त्या पुरुषाने काही सुचवले नाही. ट्रॉली मुलांची होती. आजी स्पष्ट म्हणाली की उसनवारी करा, लेकरांच्या पट्टीला हात लावू नका, एकदा लावला की रीत मोडली. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पन्नास वर्षांत तिने दुष्काळातही ते पोते मोकळे केले नव्हते. सूनबाईंनी मात्र पट्टी उचलून पतीच्या हाती दिली. “आत्याबाई, टोळीतल्या बायांच्या पदरातही लेकरंच आहेत,” त्या म्हणाल्या. “आपली थांबतील. त्यांची शनिवारी गावी जायची आहेत.”

आजी त्या रात्री जेवली, पण बोलली नाही. मार्च संपण्यापूर्वी सूनबाईंनी दूध डेअरीच्या पैशांतून २५० रुपये सुकन्या खात्यात आणि ५०० रुपये नातवाच्या खात्यात भरले. खाती बंद पडली नाहीत, एवढेच.

पुढे जे झाले त्याचे श्रेय नशिबाइतकेच एका जुन्या दप्तराला द्यावे लागेल. राज्य शासनाने त्या १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर केले. त्यासाठी विक्रीची पट्टी हवी, सात-बारावर कांद्याची नोंद हवी, बँक खाते हवे. ज्यांनी पट्ट्या फेकून दिल्या होत्या त्यांची धावाधाव झाली. या घरातील प्रत्येक पट्टी नातीच्या बालवाडीच्या फाटक्या दप्तरात, तारखेनुसार, ठेवलेली होती; हिशेब ठेवणाऱ्या आजीची ती सून शोभत होती. नोंदीही होत्या. अडचण निघाली ती खात्याची. सात-बारा आजीच्या नावे आणि आजीचे खाते किती वर्षांत वापरलेच नव्हते. शाखेत दोन खेपा घालून, छायाचित्र देऊन, आधार जोडून ते जिवंत करून घ्यावे लागले. घरातील वडीलधाऱ्यांचे जुने खाते वेळीच तपासून ठेवावे आणि त्याला वारस नोंदवावा, हे काम दिवाळीच्या साफसफाईइतकेच नेमाने व्हायला हवे.

अनुदानाचे पैसे हप्त्यांनी येत गेले. त्या ट्रॉलीच्या वाट्याचे ८,४०० रुपये आजीने स्वतः काढले आणि सूनबाईंच्या हातात ठेवून “भर जा” म्हणाली. त्या दिवसापासून त्या विषयावर घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

त्यानंतरही बाजाराने स्वस्थता दिली असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली, आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. प्रत्येक निर्णयाची बातमी या घरात आधी वडिलांच्या मोबाइलवर आणि मग मुलांच्या कानावर पोहोचली. नातीला ‘निर्यात’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात येण्यापूर्वीच माहीत झाला होता. मध्येच एका रविवारी, भाव बरा मिळाला म्हणून नव्हे तर केव्हाची हौस म्हणून, सगळे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहून आले. तालुक्यातलेच ते ठिकाण. देशोदेशीचे पक्षी तेथे हिवाळ्याला येतात, आणि मळ्यातील मुलांना ते दाखवायला वडिलांना सहा वर्षांनी सवड झाली होती.

जून २०२५ मध्ये नात सहावीत गेली आणि नातू पहिलीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या सूचना काढल्या. दहा वर्षे पूर्ण केलेल्या मुलांना बचत खाते स्वतः उघडण्याची आणि बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः चालवण्याची मुभा त्यांतही आहे. सूनबाई मुलीला घेऊन शाखेत गेल्या. अर्ज मुलीने स्वतः भरला. सहीच्या चौकटीत तिने आधी पेन्सिलीने सराव केला आणि मग शाईने सही केली. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी ती अडली. ‘विद्यार्थी’ लिही, असे काउंटरवरून सांगितले गेले. तिने ते लिहिले खरे, पण बाहेर आल्यावर आईला विचारले की सुट्टीत आपण चाळीत गोल्टी निवडतो, त्याला काय म्हणायचे.

सुट्टीतील ते काम दोघा भावंडांचे असते. लहान कांदा म्हणजे गोल्टी एकीकडे, जोड कांदा दुसरीकडे, सडका माल म्हणजे खाद तिसरीकडे. तासाभराच्या वर आई बसू देत नाही, कारण डोळे चुरचुरतात. धाकट्याला निवडण्यापेक्षा ट्रॉलीवर चढण्यात रस. लाल कांद्याच्या हंगामात मुलांची ट्रॉली भरून पहाटे निघायच्या बेतात असते, तेव्हा तो अंथरुणातून उठून स्वेटर न घालताच अंगणात येतो. एक वर्ष त्याने ट्रॉलीवर चढून खाली उतरायचे साफ नाकारले. ट्रॉली माझी आहे, मग मी का उतरू, असा त्याचा मुद्दा होता. आजीने समजावले, आईने दटावले. शेवटी वडिलांनी त्याला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर मळ्याच्या रस्त्याने डांबरी सडकेपर्यंत सावकाश नेला, तेथे त्याला उतरवून मागून चालत आलेल्या बहिणीच्या हाती दिले, आणि आवाराच्या दिशेने निघाले. दोघे जण सडकेच्या कडेला उभे राहून ट्रॅक्टरचा मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. मग थंडी वाजू लागली तशी घराकडे पळाले. शाळेची गाडी यायला अजून दीड तास होता.